शिकेकाईची जागा शांपूने नव्हे, साबणाने घेतली

#थ्रेड

केस धुण्याच्या इतिहासाविषयी दोन दावे वारंवार वाचायला मिळतात. पहिला असा, की आजीच्या काळी शिकेकाई होती, मग विदेशी शांपू आला आणि केसांची वाट लागली. दुसरा जरा अभिमानाचा: शांपू मुळात आपलाच, एका भारतीयाने तो इंग्रजांना शिकवला. पहिल्या दाव्यात आरोपी चुकीचा धरला आहे, दुसऱ्यात पराक्रम. आणि दोन्हींतून एक गोष्ट पूर्णपणे निसटते, ती म्हणजे पाणी.

हा इतिहास उलगडण्यासाठी सोलापूरजवळचे कुंभारी हे गाव फार सोयीचे आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावाचे नाव देशभर गेले ते कामगारांच्या घरकुलांमुळे. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने येथे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे-नगर आखले गेले आणि त्यांतील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. हातमागाच्या आणि गिरण्यांच्या निमित्ताने सोलापुरात स्थिरावलेली तेलुगू घरे, सीमेवरची कन्नड घरे आणि मराठी घरे इथे एकमेकांना लागून आहेत. एकाच गल्लीत केस धुण्याच्या तीन परंपरा नांदतात.

या तिन्ही परंपरांची साक्ष शब्दच देतात. मराठीतील 'शिकेकाई' हा शब्द दक्षिणेकडून आला. त्यातील 'काई' म्हणजे द्राविडी भाषांतील 'काय', अर्थात फळ किंवा शेंग. कन्नडमध्ये ती 'सीगेकायी' आहे. तेलुगू घरांत मात्र न्हाण्याचा मान 'कुंकुडुकाय'कडे जातो, म्हणजे आपल्या रिठ्याकडे. 'रिठा' हा शब्द संस्कृत 'अरिष्टक'वरून आलेला असून मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लोकरी कांबळी शुद्ध करण्यासाठी अरिष्टक वापरावे असे सांगितले आहे. लोकर आणि केस, दोन्ही केराटिन या एकाच जातीच्या प्रथिनाचे बनलेले असतात. ज्याने कांबळे धुवायचे त्यानेच डोके धुवायचे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मराठीने आणखी एक बारकावा जपला आहे. 'आंघोळ' वेगळी आणि 'न्हाणे' वेगळे. जुन्या वळणाच्या घरात 'आज न्हायचंय' असे कोणी म्हटले, की केस धुवायचे आहेत हे सांगावे लागत नसे. आंघोळ रोजची, न्हाणे आठवड्याचे, कारण त्याला बंबभर ऊन पाणी, जळण, केस वाळण्यापुरता मोकळा वेळ आणि बहुधा पाठीमागे बसून डोके चोळणारी दुसरी व्यक्ती लागे. हे शेवटचे कलम आजच्या स्मरणरंजनात कोणी मोजत नाही.

ते मोजायचे तर बाराव्या शतकात जावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने उपभोगावयाच्या गोष्टींत त्याने स्नानाला स्वतंत्र प्रकरण दिले. सुगंधी तेलाचा अभ्यंग, मर्दन, मग ते तेल उतरवण्यासाठी लेप, आणि शेवटी ऊन पाणी, असा तो सोहळा आहे. त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तेल घालणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पूर्णपणे काढून टाकणे. आज ज्याला केसांवरचे साचलेले थर उतरवणे म्हणतात, ती कल्पना ९०० वर्षांपूर्वीच्या दख्खनी राजवाड्यात नित्याची होती. फक्त तिथे चोळायला माणसे होती आणि तापवायला जळण होते.

जाता जाता: या चालुक्यांना 'कुंतलेश्वर' म्हणत. सोलापूरचा भाग याच कुंतल देशाच्या परिघात येतो, आणि संस्कृतात 'कुंतल' म्हणजे केस, केसांची बट. कर्नाटकातील शिलालेखांच्या कवींनी हा श्लेष मनसोक्त वापरला आहे. कुंतल देश म्हणजे पृथ्वीरूपी स्त्रीचा केशकलाप, अशी कल्पना तिथे पुन्हा पुन्हा भेटते. मराठीतील 'कुरळे' या शब्दाचेही कन्नड 'कुरुळु'शी नाते आहे. केसांचा इतिहास लिहायला याहून योग्य मुलूख सापडणे कठीण!

आता पाण्याकडे वळू. दख्खनचे पठार बेसाल्टचे, वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे. अशा जमिनीत मुरून विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच येते. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणतात, बोलीत 'जड पाणी'. डाळ शिजायला वेळ लागतो, पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, ही त्याची घरगुती लक्षणे. सोलापूर शहराला उजनीचे पाणी मिळते खरे, पण ते रोज येत नाही, त्यामुळे मधल्या दिवसांत बोअरचा आणि टँकरचा आधार घेणारी घरे पुष्कळ आहेत.

रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. मळ आणि तेल त्यामुळे सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. त्यांचा सर्वांत मोठा गुण असा, की जड पाण्यातील कॅल्शियमशी त्यांचे भांडण नाही, चोथा न होता फेस होतो. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे केसावरील खवले मिटलेले राहतात आणि केस सोडवायला सोपे जातात. शिकेकाईनंतर कोणी ताक, कोणी लिंबू, कोणी चिंचेचे पाणी लावी. त्यामागेही आम्लाचाच उपयोग होता. म्हणजे हा केवळ 'निसर्गाचा वारसा' नव्हता. या विशिष्ट पाण्याला दिलेले हे विशिष्ट उत्तर होते, आणि ते अनुभवाने सापडलेले होते.

हे उत्तर मोडले ते साबणाने.

'साबण' हा शब्द अरबी 'साबून'चा आप्त, आणि वस्तूही भारतात जुनीच होती. परंतु कारखान्यातील वडी घरोघर पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. १८७९ मध्ये मेरठला साबणाचा कारखाना निघाला, १८८८ मध्ये 'सनलाइट'च्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, आणि पहिले महायुद्ध संपता संपता मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता केलेला साबण बाजारात आणला. सोलापूरला तर रेल्वे १८६० मध्येच पोहोचलेली. गिरणगावात साबणाची वडी ही स्वच्छतेची, शिक्षणाची, नागर असण्याची खूण ठरली. स्वदेशीच्या चळवळीने परदेशी साबणावर बहिष्कार घातला, साबणावर घातला नाही.

साबण हा स्निग्धाम्लाचा क्षार असतो. जड पाण्यात तो पडला की कॅल्शियम त्याला पकडते आणि न विरघळणारा, चिकट, करडा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी साय दिसते, तीच केसावर बसते. साबण अल्कधर्मी असल्याने केसाचे खवले उघडतात आणि त्यांत ती साय अडकते. केस राठ, निस्तेज, गुंतणारे होतात. मग ते 'बसवण्यासाठी' तेल, तेल काढण्यासाठी पुन्हा साबण. सुगंधी आणि खोबरेल तेलाच्या जाहिरातींना असे गिऱ्हाईक हवेच होते. वडीवर शिकेकाईचे नाव छापल्याने यात फरक पडत नाही, कारण वडीचा गाभा साबणाचाच राहतो आणि जड पाणी त्याला साबणासारखेच वागवते.

म्हणून 'माझे केस मुळातच राठ आहेत' हे वाक्य संशयाने ऐकायला हवे. दोन-तीन पिढ्यांनी ते आरशासमोर उच्चारले, आणि त्यांतील अनेकींच्या बाबतीत ते केसांचे वर्णन नसून विहिरीच्या पाण्याचे आणि वडीचे वर्णन होते. देहाचा दोष म्हणून जे स्वीकारले गेले, ते एका रासायनिक विक्रियेचे अवशेष होते. या इतिहासातील खरा अन्याय इथे आहे, आणि तो शांपूच्या आधी घडून गेलेला आहे.

शांपूची तारीखवार गोष्ट त्यामानाने लहान आहे. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी ब्रायटन येथे स्नानगृह काढले, १८२२ मध्ये 'शांपूइंग' या विषयावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडच्या राजांचे 'शांपूइंग सर्जन' हे बिरूद मिळवले. हे सगळे खरे. पण ते जे करीत होते ते वाफेचे स्नान आणि अंगमर्दन होते. हिंदीतील 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे, त्याच्या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजांनी हा शब्द उचलला. तो केस धुण्यासाठी रूढ झाला पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. भारताने इंग्रजीला शब्द दिला, वस्तू नाही. ज्या दीन महंमद यांनी १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन प्रसिद्ध केले आणि १८१० मध्ये लंडनमध्ये कॉफी हाउस काढले, त्यांच्या नावावर बाटलीतला शांपू खपवण्याची काहीच आवश्यकता नाही.

बाटलीतल्या शांपूचे घराणे जर्मन आणि अमेरिकन आहे. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोप्फ यांनी १९०३ मध्ये पाण्यात विरघळणारी शांपूची पूड विकायला सुरुवात केली. निर्णायक बदल झाला १९३० च्या दशकात, जेव्हा अमेरिकेत साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालकांचे शांपू बनू लागले. त्यांचा गाजावाजा कशासाठी होता? जड पाण्यातही त्यांचा साका होत नाही, यासाठी. तिकडच्या गृहिणींनाही साबणाच्या साईने हैराण केले होते. रिठा जे करीत होता तेच काम प्रयोगशाळेने दुसऱ्या रेणूकडून करून घेतले. जड पाण्यातील वागणुकीच्या दृष्टीने पाहिले तर शांपू साबणापेक्षा रिठ्याला अधिक जवळचा आहे.

भारतात तो सामान्य घरात शिरला ते फार उशिरा. तमिळनाडूतील कडलूरच्या उद्योजकांनी लहान पुडीत शांपू विकण्याची युक्ती रुजवली, १९८३ मध्ये 'चिक' आला, आणि काही वर्षांत एका न्हाण्यापुरती पुडी गावोगावच्या टपरीवर लटकू लागली. बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. हजारावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगार स्त्रीच्या दृष्टीने हा हिशेब सरळ आहे. तेंदूची पाने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे हे काम घरातच चालते. तंबाखूची बारीक पूड अंगावर, कपड्यांवर, केसांत बसते. शिकेकाई रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा, चोळा, चोथा केसांतून काढत बसा, यात जो वेळ जातो तेवढ्या विड्या कमी भरतात. तिने पुडी फाडली तर परंपरा सोडली म्हणून तिला दोष देणे हे ज्यांना वेळ विकावा लागत नाही त्यांचेच काम आहे.

अर्थात बाजार इथे थांबला नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शांपू आणि कंडिशनर एकाच बाटलीत घालण्याची कला साधली. सिलिकोनचा पातळ थर केसावर चढवून तो गुळगुळीत भासवणे, हा तिचा पाया. आधी साबणाची साय होती, आता सिलिकोनचे अस्तर आले. पहिल्याने केस राठ दिसत, दुसऱ्याने सरळ आणि चकचकीत. दोन्ही वेळा केस प्रत्यक्षात कसे आहेत हे झाकलेलेच राहिले. गेल्या काही वर्षांत अनेक तरुणी घरच्या घरी हे थर उतरवतात आणि आपल्या लांब केसांना लाट आहे, वळण आहे, हे वयाच्या विशी-पंचविशीत प्रथमच पाहतात. त्यांच्या आश्चर्याची थट्टा होते, पण ते आश्चर्य अगदी रास्त आहे. केसाचा आकार त्याच्या मुळाशी ठरतो, तो बाहेरून आलेला नसतो. नवीन काही उगवलेले नाही, वरचे उतरले आहे.

मात्र इथे आजीच्या काळाला पूर्ण गुण देता येत नाहीत. शिकेकाईने केस स्वच्छ राहत, पण त्यांचे नैसर्गिक वळण कोणी मोकळे पाहू देत नसे. 'वेणीफणी' हा जोडशब्दच पाहावा. दाट दातांची फणी उवा, धूळ, कोंडा काढी आणि त्याबरोबर प्रत्येक लाटही विंचरून सपाट करी. वर तेल, घट्ट वेणी किंवा अंबाडा. काव्यात कुरळ्या बटांचे कौतुक, आणि घरात तेच केस सुटले की 'झिंज्या', 'झिपऱ्या', 'पिंजारलेलं डोकं'. मोकळे केस म्हणजे सुतक, अंगात येणे, किंवा भूतखेत. आणि विधवेला तर केस ठेवण्याचाच अधिकार नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तकातून केशवपनाविरुद्ध जगासमोर लिहिले, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याची भूमिका घेतली. केसांचे नैसर्गिक रूप हा ज्या काळात प्रश्नच नव्हता, तो काळ त्या दृष्टीने आदर्श म्हणून मांडणे इतिहासाला धरून नाही.

याच प्रदेशात याहून कठोर उदाहरण आहे: जट. केस बरेच दिवस धुतले-विंचरले गेले नाहीत, तेल, घाम, धूळ यांनी ते एकमेकांत रुतले, की त्यांचा लोळा होतो. वैद्यकाच्या दृष्टीने गोष्ट एवढीच. परंतु सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परिसरात, सोलापूर-कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात, तिला देवीचे बोलावणे मानले गेले. जट आली की फणी लावायची नाही, कापायची नाही, आणि मुलीच्या डोक्यावर असेल तर तिला देवीला सोडण्याचे निमित्त सापडले. केसांतील गुंता वेळीच न सुटल्याची किंमत कित्येकींनी आयुष्याने मोजली. देवदासी म्हणून अर्पण करण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदे झाले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघर जाऊन, बाईची समजूत घालून, जट उतरवतात.

हा प्रकार केवळ 'आपल्याकडचा' नाही. पोलंडमध्ये शतकानुशतके 'कोऊतून' नावाची जट जपली जाई. ती कापली तर आंधळेपण येते, रोग अंगात परततो, असा समज होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी अशा रुग्णांची पाहणी केली, ही अस्वच्छतेची परिणती आहे असे सांगितले आणि ती कापण्याची मोहीम चालवली. पुढे ते त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. देवी नाही, यल्लम्मा नाही, भाषा वेगळी, हवामान थंड, तरी भीती तीच.

तेव्हा घरी केसांवरील थर उतरवायचे असतील तर 'देशी की विदेशी' या वादात न पडता आधी पाणी पाहावे. बोअरचे जड पाणी असेल तर साबणाची वडी डोक्याला लावू नये, मग ती कोणत्याही नावाची असो. तेल आणि सिलिकोन यांसाठी मळ कापणारा साधा, सिलिकोनविरहित शांपू एकदा-दोनदा पुरतो. क्षारांचा थर त्याने निघत नाही, त्यासाठी क्षार बांधून ठेवणारे द्रव्य असलेला शांपू किंवा भरपूर पाण्यात उतरवलेले सौम्य आम्ल लागते. लिंबाचा रस थेट चोळल्यास टाळू भाजते. शेवटचा तांब्या शक्यतो पावसाच्या साठवलेल्या किंवा नळाच्या मऊ पाण्याचा असावा. केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे सोडवावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये, कारण वळण दिसते ते वाळतानाच. रिठा वापरायचा तर बिया काढून टरफले रात्रभर भिजवावीत, पाणी दोनदा गाळावे आणि डोके मागे झुकवून धुवावे. डोळ्यांत गेल्यास तो फार झोंबतो, हे कुंभारीतली कोणतीही तेलुगू आजी पहिल्या वाक्यात सांगेल.